पाखरांच्या खोलीतला दिवस आणि रात्र

मागच्या रमजानात, चोविसाव्या रोज्याला, आमच्या घरातली एक फिंच मादी गेली. सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुलवून बसलेली दिसली. प्रत्येक श्वासाबरोबर तिची शेपटी वरखाली होत होती. अंडे अडकले होते. मऊ फडके घातलेल्या खोक्यात ठेवून आम्ही तिला ऊब दिली, पशुवैद्यांकडे नेले, त्यांनी कॅल्शियम दिले. पण अस्रच्या अजानीपूर्वीच तिने मान टाकली. जेमतेम बारा ग्रॅम वजनाचा जीव. त्या संध्याकाळी आमच्या धाकटीने खजुराशिवाय काही खाल्ले नाही.

डॉक्टरांनी आम्हाला ओरडा दिला नाही. त्यांनी फक्त विचारले, "पाखरांना तुमच्याकडे रोज किती तास उजेड असतो?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. दाणा-पाणी वेळेवर होते, पिंजरा स्वच्छ होता, मांजराचा त्रास नव्हता. घरी येऊन हिशेब मांडला, तेव्हा चूक डोळ्यांसमोर आली. पिंजरा दिवाणखान्यात. सहरीसाठी पहाटे साडेचारला तिथले दिवे लागत. तरावीह आटोपून मंडळी परतत, चहा होई, दुसऱ्या दिवसाची तयारी होई आणि दिवे मालवायला रात्रीचे साडेअकरा वाजत. म्हणजे १९ तास उजेड आणि पाच तास अंधार. आणि तोही रोज. घरातल्या माणसांनी दुपारी तासभर पडून झोप भरून काढली. पाखरांनी ती कुठे काढायची?

त्यात आम्ही उदार झालो होतो. बरकतीचा महिना म्हणून पाखरांनाही रोज उकडलेले अंडे, भिजवलेले राळे, पालक. पिंजऱ्यात घरटे टांगलेलेच होते. मादीने पाच अंडी घातली, रात्रीच्या वर्दळीने घरटे सोडले, पुन्हा घातली, पुन्हा सोडले. तिसऱ्या खेपेला तिच्या अंगातला चुना संपला होता. डॉक्टरांच्या शब्दांत सांगायचे, तर हाडांतले कॅल्शियम अंड्यांच्या कवचात गेले आणि अंडे बाहेर ढकलायला स्नायूंत जोर उरला नाही.

हे सगळे लिहून काढण्याचे कारण म्हणजे आपल्या अनेक घरांत आज फिंच आहेत. पोपट पाळणे कायद्याने बंद, लव्हबर्ड्सचा आवाज मोठा, म्हणून मुलांच्या हट्टापायी झेब्रा फिंच किंवा बंगाली फिंचची जोडी आणली जाते. पिंजरा दिवाणखान्यात टीव्हीजवळ टांगला जातो आणि रमजान सोडला तरी रात्री बारापर्यंत तिथे दिवे असतात.

एक चिमुकले पाखरू आणि अल्लाहचे प्रेषित (स.)

हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर. त्याच्याकडे खेळायला नुगैर नावाचे एक लहानसे पाखरू होते. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या घरी येत, तेव्हा त्या मुलाची चेष्टामस्करी करत. पाखरू मेले आणि मुलगा खिन्न बसला, तेव्हा त्यांनी लाडाने त्याच्या पाखराची विचारपूस करून त्याचे मन रिझवले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. हिजरी चौथ्या शतकातील तबरिस्तानचे शाफई विद्वान इब्नुल कास यांनी एवढ्याशा प्रसंगातून साठ बोध काढून दाखवणारी स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. त्याची देखभाल नीट होत असेल, तर पाखरू पाळायला हरकत नाही, हे भाष्यकारांनी याच हदीसवरून सांगितले आहे.

अट तेवढीच आहे, पण ती मोठी आहे. मांजराला कोंडून ठेवून ना खायला दिले, ना स्वतःचे अन्न शोधायला मोकळे सोडले, अशा बाईला मिळालेल्या शिक्षेची हदीस आपल्याकडे मुलामुलांना पाठ असते. कोंडलेल्या जिवाची भूक आपल्याला कळते. त्याची झोप आपल्या लक्षात येत नाही. सूरह नबामध्ये रात्रीला पांघरूण केल्याचा आणि दिवस रोजीरोटीसाठी केल्याचा उल्लेख आहे. तो पिंजऱ्यातल्या पाखरालाही लागू आहे, हे आम्हाला मात्र एक मादी गेल्यावर सुचले.

अडगळीची खोली

आमच्या कोंढव्यातल्या सदनिकेत सात बाय आठची एक अडगळीची खोली आहे. जुन्या गाद्या, कूलर, कुर्बानीचे मोठे पातेले असे सगळे तिथे होते. ईदनंतरच्या आठवड्यात ती रिकामी केली आणि पाखरे तिकडे हलवली. खोलीला एकच खिडकी, तीही इमारतीच्या डक्टकडे उघडणारी. दुपारी दोनेक तास राखाडी उजेड येतो, बाकी अंधारच. म्हणजे आता उलटा प्रश्न उभा राहिला. दिवाणखान्यात रात्र नव्हती, इथे दिवस नव्हता.

अम्मींना, म्हणजे मुलांच्या दादींना, आमचा खटाटोप पटत नव्हता. "आमच्या अब्बांकडे तितर होते. व्हरांड्यात पिंजरा टांगलेला असायचा. त्यांना कुणी ट्यूबलाईट लावली होती?" असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खोटे नाही. व्हरांड्यातल्या पाखराला सूर्य फुकट मिळत होता. मगरिबनंतर आपोआप काळोखही मिळत होता. आपण फ्लॅटमध्ये आलो आणि पाखराचे दोन्ही काढून घेतले. ज्यांच्याकडे पावसापासून आणि मांजरापासून सुरक्षित अशी गॅलरी आहे, त्यांनी खुशाल दादींचा सल्ला मानावा. ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यासाठी पुढचे.

पहिल्यांदा आम्ही जे हाताला लागले ते केले. कोपऱ्यावरच्या दुकानातून सर्वांत स्वस्त अशा दोन एलईडी ट्यूब आणल्या आणि लावल्या. खोली लखलखली. पण पाखरे सारखी बिचकत, एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर उगाच उड्या मारत. आमच्या मोठ्याने सहज म्हणून फोनवर संथ गतीचा व्हिडिओ काढला. पडद्यावर खोली धडधडत होती, उजेड-अंधार, उजेड-अंधार. आमच्या डोळ्यांना मात्र दिवा स्थिर.

याचे कारण सोपे आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे पूर्ण करते आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा जोर धरते. ट्यूबच्या आतले सर्किट हलक्या प्रतीचे असेल, तर दिवा सेकंदाला १०० वेळा प्रखर-मंद होतो. माणसाच्या डोळ्याला एवढी वेगवान लुकलुक सहसा जाणवत नाही. लहान पाखरांचा डोळा आपल्यापेक्षा कितीतरी चपळ. २०१६ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी निळा टिट आणि माशीमार या छोट्या पाखरांची परीक्षा घेतली, तेव्हा सेकंदाला १३० पेक्षाही अधिक वेळा होणारी लुकलुक त्यांना वेगळी दिसते असे आढळले. फिंचही अशाच लहान चणीच्या गाणाऱ्या पाखरांपैकी. लुकलुकत्या दिव्याखाली बारा तास बसण्याची कल्पना आपणच करून पाहावी.

दुकानातच तपासण्याची एक युक्ती वायरमनने सांगितली, ती फोनपेक्षाही सोपी. दिवा लावायचा, त्याच्याखाली पेन्सिल धरून पंख्यासारखी झरझर हलवायची. पेन्सिलीचा एकसंध धूसर पट्टा दिसला, तर दिवा चांगला. सुट्यासुट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर दिवा लुकलुकतो. दुकानदार हसेल, हसू द्यावे. आम्ही अशा चार कंपन्यांच्या ट्यूब तपासून पाचवी घेतली. दुसरा मार्ग म्हणजे २४ व्होल्टची एलईडी पट्टी आणि तिचा चांगला अ‍ॅडॉप्टर. त्यातून निघणारी वीज एकाच दिशेने वाहते, म्हणून लुकलुक जवळजवळ नसते. मात्र या पट्टीला स्वस्तातला डिमर जोडला, की केले-सवरले पाण्यात जाते. कारण असा डिमर उजेड खरोखर कमी करत नाही, तो दिवा भराभर चालू-बंद करतो. म्हणजे लुकलुक मागच्या दाराने पुन्हा आत.

किती आणि कसा उजेड

रंगाबद्दल फार घोळ घालण्याचे कारण नाही. दिव्याच्या खोक्यावर पाच हजार ते साडेसहा हजार केल्विन असे छापलेले असते, तो दिवसासारखा पांढरा उजेड. त्याबरोबर सीआरआय नावाचा आकडा असतो. तो ९० किंवा अधिक असेल, तर नराची नारिंगी चोच आणि गालावरचा तपकिरी ठिपका खरा दिसतो. बाजारात ८० चे दिवे अधिक मिळतात, तेही चालतात.

पण एक गोष्ट जाणून घेतलेली बरी. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, पाखरांच्या डोळ्यांत चार. चौथ्या प्रकाराने त्यांना अतिनील किरण दिसतात, जे आपल्याला दिसत नाहीत. १९९६ मध्ये ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठात झेब्रा फिंचवर प्रयोग झाला होता. अतिनील किरण अडवणाऱ्या काचेआडचे नर आणि ते जाऊ देणाऱ्या काचेआडचे नर समोर ठेवले, तेव्हा माद्यांचा ओढा दुसऱ्यांकडे होता. आपला नेहमीचा एलईडी म्हणजे निळा दिवा आणि त्यावर पिवळा लेप. त्यात अतिनील अंश नसतोच. तेव्हा आपल्याला कितीही लख्ख वाटला, तरी पाखराच्या दृष्टीने त्या उजेडात एक रंग गैरहजर आहे. यावर पुढे येतो.

उजेडाचे प्रमाण लक्समध्ये मोजतात. फोनवरच्या अ‍ॅपने अंदाज येतो, तेवढा पुरे. रात्री घरातल्या दिव्याखाली १०० ते २०० लक्स असतात; बाहेर झाडाच्या सावलीत भरदुपारी हजारोंच्या घरात. चार फुटी, २० वॅटची एक ट्यूब पिंजऱ्याच्या दोन फूट वर लावली, तेव्हा वरच्या दांडीवर आम्हाला साधारण ८०० लक्स मिळाले, खालच्या दांडीवर ३०० आणि घरट्याच्या तोंडाशी ५० पेक्षा कमी. हा फरक मुद्दाम ठेवला आहे. सगळा पिंजरा सारखाच उजळला, तर पाखराला डोळे मिटायला जागा राहत नाही. घरटे नेहमी सावलीच्या टोकाला. दिवा पिंजऱ्याच्या बाहेर, वर आणि किंचित पुढच्या बाजूला. मागून लावला तर पाखरांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात आणि आजारी पाखरू ओळखू येत नाही.

विजेच्या कामात मात्र काटकसर करू नये. फिंच पोपटासारख्या वायरी कुरतडत नाहीत, पण आंघोळ करताना पाणी चौफेर उडवतात. आमच्या वायरमनने सगळ्या वायरी पाईपमधून नेल्या, अर्थिंग तपासले आणि गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसवून घ्यायला लावले. पिसांची धूळ ट्यूबवर आणि अ‍ॅडॉप्टरवर साचते, अ‍ॅडॉप्टर तापतो. म्हणून पंधरा दिवसांनी बटण बंद करून ओलसर फडक्याने पुसणे आलेच.

दोन ट्यूब, एक सहा वॅटची पट्टी, दोन टायमर, पाईप आणि मजुरी असे सगळे मिळून अडीच हजारांच्या आसपास खर्च आला. विजेचा हिशेब अम्मींनीच मागितला, इस्राफ होत नाही ना म्हणून. महिन्याला सोळा युनिटच्या आत. आधी हिवाळ्यात उबेसाठी आम्ही ६० वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर, दहा तास, पिंजऱ्याजवळ लावत होतो. तो एकटाच १८ युनिट खायचा आणि पाखरांची झोप खायचा तो वेगळाच. हिशेब ऐकून अम्मींनी "बरं" एवढेच म्हटले. आम्ही ती परवानगी समजलो.

त्या पिवळ्या बल्बची एक गोष्ट मात्र एलईडीत नाही. एलईडी पिंजऱ्याला ऊब देत नाही. जुना बल्ब काढून एलईडी लावला आणि डिसेंबरची थंडी पडली, तर पाखरे गारठतात. पुणे, नाशिक, औरंगाबादकडच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजू जाड चादरीने झाकाव्यात, वारा अडवावा. उबेसाठी बल्ब घेतलाच, तर त्यावर टेफ्लॉनचा लेप नाही ना, हे विचारावे. तो लेप तापला की निघणारी वाफ माणसाला कळतही नाही, पाखरू मात्र काही मिनिटांत मरते. न चिकटणारा तवा जास्त तापला तरी हेच घडते, म्हणून पाखरांची खोली स्वयंपाकघराला लागून असेल, तर दार बंद असलेले बरे.

मगरिब हळूहळू होते

दिवे लागले, टायमर लागला, आता सगळे ठीक झाले असे आम्हाला वाटले. टायमरने बरोबर पावणेसातला दोन्ही ट्यूब बंद केल्या. खटकन काळोख. आणि त्याच क्षणी पिंजऱ्यात फडफडाट. पाखरे अंधारात तारांवर आपटत होती. आम्ही धावत जाऊन दिवा लावला. एका नराच्या पंखाला रक्त आले होते आणि एक मादी घरट्याबाहेर पडून तळाशी थरथरत होती. दाणा टिपायला म्हणून ती अंड्यांवरून उठली असेल, तेवढ्यात अंधार झाला. अंधारात तिला घरटे सापडले नसते आणि अंडी रात्रभर उघडी पडून गार झाली असती.

आकाशात असे कधीच होत नाही. सूर्य मावळतो, लाली राहते, लाली जाते, मग इशाची वेळ होते. त्या मधल्या वेळात पाखरू शेवटचे चार दाणे खाते, पाणी पिते आणि आपल्या जागेवर जाऊन बसते. खोलीत हा मधला वेळ आपल्यालाच तयार करावा लागतो.

महागडी उपकरणे आहेत, पण आम्ही दोन दिवे आणि दोन टायमरवर भागवले. सकाळी साडेसहाला फक्त छोटी पट्टी लागते, सातला दोन्ही ट्यूब. संध्याकाळी सव्वासहाला ट्यूब विझतात, पट्टी पावणेसातपर्यंत राहते. ही पट्टी पिवळसर उजेडाची घेतली आणि ती भिंतीकडे तोंड करून लावली, म्हणून उजेड परतून येतो तो मंदच. या अर्ध्या तासात खोलीत कुणीही जायचे नाही, असा घरातला नियम. त्यानंतर रात्रभर कोपऱ्यात, पिंजऱ्यापासून दूर, अर्ध्या वॅटचा झिरोचा दिवा, चांदण्याएवढा. कशाने दचकून पाखरू उडालेच, तर त्याला परत दांडी दिसावी इतकाच. वाचता येईल एवढा उजेड असेल, तर तो जास्त झाला.

टायमर घेताना एक अनुभव उपयोगी पडेल. चक्रावर छोट्या पिना असलेला साधा टायमर स्वस्त असतो, पण वीज गेली की त्याचे घड्याळही थांबते. दुपारी दोन तास वीज नसली, तर तो संध्याकाळही दोन तास उशिरा आणतो. आमच्याकडे एकदा आठवडाभर पाखरे रात्री नऊपर्यंत जागी होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. आतमध्ये बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग पडतो, पण वेळ विसरत नाही. आणि अचानक लाईट जाण्यावर उपाय म्हणजे बॅटरीवर आपोआप चालू राहणारा एक इमर्जन्सी एलईडी बल्ब. तो ट्यूबच्या जोडीनेच त्यांच्या टायमरवर घ्यावा. रात्रीच्या जोडणीवर घेतला, तर दिवसा त्याचा काही उपयोग नाही. मात्र टायमरने वीज तोडली, तरी हा बल्ब ती गेल्याचे समजून पेटतच राहतो, ही त्याची खोड आहे. म्हणून आम्ही शेवटी घरच्या इन्व्हर्टरवर छोट्या पट्टीची जोडणी करून घेतली आणि तिचा टायमरही तिथेच ठेवला. दिवसभर पट्टी चालू असतेच. ट्यूब गेल्या तरी मंद उजेड राहतो.

दिवस किती तासांचा ठेवायचा? पुण्या-मुंबईकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो, म्हणजे वर्षभरात फरक सव्वादोन तासांचाच. बारा तास हा मध्य धरून चालावे. झेब्रा फिंच मूळची ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ भागातली. पाऊस पडून गवताला दाणे धरले, की तिथे ती वीण घालते, मग महिना कोणताही असो. म्हणून लांबलेला उजेड, अंड्याचा खुराक आणि टांगलेले घरटे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की पाखराला एकच निरोप मिळतो: सुगी आहे, पिल्ले काढा. आमच्या घरात हा निरोप महिनाभर थांबला नव्हता. आता वर्षातून दोनदाच घरटे टांगतो, तेव्हा उजेड तेरा तासांपर्यंत नेतो. दुसरी पिल्ले दाणे टिपू लागली, की घरटे काढून घेतो, अंडे बंद करतो आणि आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटे कमी करत दिवस अकरा तासांवर आणतो. समुद्रफेस मात्र बारा महिने पिंजऱ्यात असतो. तो नसता, तर बाकीचे सगळे सांगणे व्यर्थ.

झोपेचे आणखी एक गुपित आहे. झेब्रा फिंचचे पिल्लू बापाचे ऐकून गाणे शिकते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली दाखवून दिले, की झोपलेल्या फिंचच्या मेंदूत दिवसा गायलेल्या गाण्याच्या वेळचीच हालचाल पुन्हा उमटते, जणू उजळणी चालू असावी. आमच्या धाकटीला हे इतके आवडले, की मदरशाचा सबक ती आता रात्री झोपण्याआधी म्हणते.

उन्हाची जागा

राहिला अतिनील किरणांचा प्रश्न. हाडे आणि अंड्याचे कवच यांसाठी ड जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हातल्या ज्या किरणांनी अंगात तयार होते, ते किरण साध्या एलईडीत नसतात. खिडकीच्या काचेतूनही ते आत येत नाहीत. म्हणजे काचेआडच्या कोवळ्या उन्हात ठेवलेल्या पिंजऱ्याला ऊब मिळते, जीवनसत्त्व नाही. आम्ही आठवड्यातून तीन-चार वेळा सकाळी पिंजरा गॅलरीत नेतो, वीसेक मिनिटे. अर्धा पिंजरा फडक्याने झाकलेला, म्हणजे नको वाटले तर पाखरू सावलीत सरकेल. जवळ कुणीतरी बसलेच पाहिजे. कावळा आणि घार यांना पिंजऱ्याच्या तारा अडवतात, पण पाखराची भीती तारांनी अडत नाही.

पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन नसते. तेव्हा पशुवैद्यांना विचारून ड-३ असलेले औषध, त्यांनी सांगितले तेवढेच. ते जास्त झाले तरी अपायकारक असते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी आणि पक्ष्यांसाठी खास ट्यूब मिळतात, त्यांतून हे किरण येतात. त्या घेतल्या, तर अंतर आणि तास पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ठेवावेत आणि साधारण वर्षाने ट्यूब बदलावी. दिसायला ती पेटते, पण त्यातले किरण कमी झालेले असतात.

इथे एक कळकळीची सूचना. करोनाच्या काळात जंतू मारण्यासाठी म्हणून जांभळे दिवे घरोघरी आले. काहींच्या कपाटात ते अजून असतील. 'अतिनील आहे, पाखरांना लावून पाहू' असा विचार चुकूनही करू नये. त्यांचे किरण वेगळे. ते पाखराचे डोळे आणि कातडी जाळतात, आपलेही. लग्नाच्या हॉलमधला जांभळा दिवा किंवा नखांच्या रंगाचा दिवा यांचाही इथे उपयोग नाही.

जाता जाता बाजाराविषयी. लाल मुनिया, ठिपक्यांची मुनिया ही आपल्या मातीतली पाखरे अजून चोरून विकली जातात, कधी हिरवा-पिवळा रंग फासून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पकडणे आणि विकणे गुन्हा आहे आणि पकडलेल्यांपैकी कितीतरी पाखरे वाटेतच मरतात. स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. जावा स्पॅरो हे पाखरू परदेशी असले, तरी ते आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत आहे. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची सरकारकडे नोंदणी लागते, ती केंद्राच्या परिवेश पोर्टलवर होते. झेब्रा आणि बंगाली फिंच या पिंजऱ्यातच पिढ्यानपिढ्या वाढलेल्या. बंगाली फिंच तर रानात सापडतच नाही. ती जपानमध्ये माणसाने घडवलेली जात आहे.

आज आमच्या खोलीत सात पाखरे आहेत. त्यांतली तीन याच वर्षीची पिल्ले, त्या रात्री तळाशी थरथरत होती तिचीच. संध्याकाळी सव्वासहाला ट्यूब विझतात, तेव्हा पाचेक मिनिटे दाण्याच्या वाटीपाशी गर्दी उडते, मग एकेक करून सगळी वरच्या दांडीवर जातात आणि एकमेकांना खेटून बसतात. दाराच्या फटीतून आम्ही पाहतो. अम्मीही पाहतात, नमाजला जाता जाता.

एक काम उरले आहे. दाराच्या वर काचेची पट्टी आहे आणि पॅसेजमधला दिवा तिच्यातून थेट पिंजऱ्यावर पडतो. सहरीला तो दिवा लावावाच लागतो. शाबान संपायच्या आत त्या काचेला काळा कागद लावायचा आहे. माप घेऊन ठेवले आहे, साडेतेवीस बाय नऊ इंच.